कुर्ल्याची मिठी, सीएसटी रोड आणि आपल्या नदीकाठचा इतिहास कसा खणून काढायचा

एकदा रिक्षात बसल्या बसल्या मी रिक्षावाल्याला विचारलं, दादा ह्याला सीएसटी रोड का म्हणतात, तर तो आरशातून माझ्याकडे असा बघायला लागला की हा माणूस सुट्टे पैसे नसणाराच निघणार. म्हणाला, सीएसटीला जातो म्हणून. आता कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा हा रस्ता, ह्याचं तोंड पश्चिमेला, आणि सीएसटी स्टेशन राहिलं दक्षिणेला १५ किलोमीटर लांब. पण मी हसलो नाही, कारण कुर्ल्यात जन्मून वयाची तिशी येईपर्यंत मी पण हेच समजत होतो. इथलं सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, मुंबई बेटाच्या उत्तरेचं मोठं बेट. १९२८ ला ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी एक रेल्वे सुरू झाली आणि १९३४ ला बंद पण पडली, सहा वर्षांत खेळ खल्लास. रूळ गेले, रस्ता आला, नाव तेवढं राहिलं. व्हीटीचं, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसचं, सीएसटी झालं १९९६ ला (२०१७ पासून तर ते सीएसएमटी आहे), त्या स्टेशनाचा ह्या नावाशी काडीचा संबंध नाही.

तर हा नाद मला त्या रिक्षापासून लागला, आणि आता ओळखीचे लोक विचारतात की आम्हाला पण आमच्या एरियाचा इतिहास काढायचाय, सुरुवात कुठून करू. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरण सगळं कुर्ल्याचं आणि मिठी नदीचं आहे कारण मला तेच माहितीय, पण तुम्ही दहिसर नदीकाठी राहत असाल, पोईसर नाहीतर ओशिवरा नदीच्या बाजूला, तरी पद्धत हीच चालेल. एक गोष्ट आधीच सांगतो, नदीकाठच्या एरियाचा इतिहास रस्त्याच्या बाजूने शोधायला गेलात तर हाताला फक्त दुकानं आणि बिल्डिंगी लागतात, तो नदीच्या बाजूने शोधायचा, जिकडे आपण सगळ्यांनी पाठ केलीये तिकडून.

म्हणून पहिलं काम लायब्ररीत जायचं नाही. चालायचं. मार्च ते मे मधला कुठलाही रविवार पकडा, सकाळी सातला निघा, जुने बूट घाला जे नंतर टाकून दिले तरी चालतील, आणि सोबत कोणीतरी घ्या कारण काठावर भंगारची गोडाऊनं आहेत, कुत्री आहेत, आणि अनोळखी माणूस मोबाईल काढून फोटो काढायला लागला की लोकांना वाटतं सर्व्हेवाला आला, घर तोडायला. आधी बोला मग फोटो काढा, हे फार महत्त्वाचं आहे. मिठी विहार तलावातून निघते, पवईचं जादा पाणी तिला मिळतं, आणि साकीनाका, जरीमरी, कुर्ला, कलिना, बीकेसी (म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स), धारावी करत माहीमच्या खाडीला जाते, जवळपास १८ किलोमीटर. सगळी एका दिवसात चालायचा हट्ट नको. फक्त आपल्या भागातले दोन पूल आणि त्यांच्या मधला काठ एवढंच घ्या.

चालताना बघायचं काय? तीन गोष्टी. नदी वळते कुठे आणि सरळ कुठे होते ते बघा, कारण नदी स्वतःहून पट्टी लावल्यासारखी सरळ कधी जात नाही, जिथे सरळ आहे किंवा काटकोनात वळलीये तिथे माणसाचा हात लागलाय हे शंभर टक्के. विमानतळापाशी मिठीने घेतलेलं वळण नकाशात बघा, पाहिल्यावर तुम्हालाच कळेल की हे पाण्याचं डोकं नाही, धावपट्टीचं आहे, पुढे तर नदी धावपट्टीच्या खालूनच जाते. दुसरं, उंचवटा. जुनं गावठाण कधीच खोलगट जागेत नसतं, पूर्वीच्या लोकांना पाणी कुठपर्यंत येतं ते माहीत होतं, त्यामुळे जिथे रस्ता थोडा चढतो आणि गल्ल्या एकदम अरुंद होतात, कौलारू घर, क्रूस, एखादी विहीर दिसते, तिथे तुमचं मूळ गाव आहे समजा. कुर्ल्यात होली क्रॉस चर्चच्या आजूबाजूला फिरलात की हे पायालाच कळतं, चर्च मूळ पोर्तुगीजांच्या काळातलं आणि १८४८ ला पुन्हा बांधलेलं. आणि तिसरं म्हणजे भिंत. काठाची उंच काँक्रीटची भिंत बहुतेक ठिकाणी २००५ नंतरची आहे, तिच्या मागे कुठे जुनं दगडी बांधकाम डोकावत असेल तर फोटो काढून ठेवा.

खालच्या अंगाला, म्हणजे बीकेसी-धारावीकडे जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा, तिथे नदीत समुद्र शिरतो. भरतीत गेलात तर काठ दिसणारच नाही. आणि शक्यतो भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत जा, उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत नको. हे दिवस कधी येतात माहीत नसेल तर कुठल्याही कोळ्याला विचारा, तो तिथी मोजून वेळ सांगेल, ॲप पेक्षा लवकर.

आता नावं. एक छोटी वही करा आणि दिसेल ते नाव लिहा, बसस्टॉप, गल्ली, चाळ, वाडी, मैदान, सगळं. चुनाभट्टी म्हटलं की चुन्याच्या भट्ट्या डोळ्यासमोर येतात, न्यू मिल रोड म्हटलं की गिरणी, पाईप रोड म्हटलं की शहराला पाणी नेणारा मोठा पाईप, बैलबाजार म्हणजे काय ते सांगायला नकोच. एलबीएस, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं अजून आग्रा रोड म्हणतात, म्हणजे हा रस्ता तुमच्या घाटकोपरच्या मॉलला जाण्यासाठी झालेला नाही, तो देशावर जाणारा रस्ता आहे. पण नावांवर आंधळा विश्वास पण नको. कुर्ला हे नाव कुर्लीवरून, म्हणजे खेकड्यावरून आलं असं आमच्याकडे सगळे सांगतात, आणि इथली चिखलाची खाडी बघता पटतं सुद्धा, पण 'असं म्हणतात' ह्या खात्यात ठेवा, 'असं आहे' मध्ये नको.

नावाचा माझा स्वतःचा फजितीचा किस्सा ऐका. कलिन्याच्या एका जागेचं जुनं प्रॉपर्टी कार्ड बघायचं होतं म्हणून मी एका सरकारी कार्यालयात तीन चकरा मारल्या, दर वेळी उत्तर एकच, कलिना नावाचं गाव आमच्याकडे नाही. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो की हे लोक टाळतायत, तिसऱ्या वेळी बाजूला उभे असलेले एक वकीलसाहेब म्हणाले, अहो कोळेकल्याण म्हणा. मौजे कोळेकल्याण, तालुका अंधेरी. दोन मिनिटांत काम. म्हणजे माणसांच्या तोंडात कलिना, कागदावर कोळेकल्याण, आणि मुंबई युनिव्हर्सिटीचा आख्खा कलिना कॅम्पस ह्या कोळेकल्याणात बसलाय. तेव्हापासून माझा नियम, कुठल्याही ऑफिसात जायच्या आधी आपल्या जागेचं महसुली गाव कुठलं ते काढायचं. इमारतीच्या कागदांवर, सोसायटीच्या करारात 'मौजे' च्या पुढे जे लिहिलेलं असतं ते. जरीमरीच्या बाजूला तुम्हाला मोहिली हे नाव भेटेल, रोजच्या बोलण्यात ते कोणी वापरत नाही. सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक, मिळाला तर सोन्याहून पिवळं, मालमत्ता पत्रकावर जुन्या मालकांची नावं एकाखाली एक असतात आणि ती वाचताना कळतं की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली. मात्र ह्यातली माणसांची नावं बाहेर वाटत सुटू नका, वारसांची भांडणं चालू असतात, तुमच्या हौसेपायी कोणाच्या घरात आग लागायला नको.

जमिनीचाच विषय निघाला तर एक मोठी गंमत. १८०८ च्या सुमारास इंग्रज सरकारने कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार अशी गावंच्या गावं होरमसजी बमनजी वाडिया यांना देऊन टाकली, बदल्यात त्यांची मुंबईतली जागा घेतली. म्हणजे आज विमानतळ, युनिव्हर्सिटी आणि आमची खोली जिथे आहे ते सगळं एका अदलाबदलीच्या कागदावर बसलेलं होतं. गावातल्या लोकांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते सांगतो. तुम्ही 'मुंबईचा इतिहास' म्हणून शोधता आणि कुर्ला सापडतच नाही. कसं सापडेल, कुर्ला मुंबईत नव्हतंच! मुंबई संपायची शीव आणि माहीमला. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी, ती ठाणे जिल्ह्यात. १९२० ला मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला, १९५० ला कुर्ला-वांद्रे-अंधेरी बृहन्मुंबईत आले, आणि दहिसर-मुलुंड तर १९५७ ला. त्यामुळे १९२० च्या आधीचं काही शोधायचं असेल तर ठाणे जिल्हा, साष्टी तालुका असं शोधा. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ आहे, त्याचा चौदावा भाग गावांच्या माहितीचा, फुकट ऑनलाईन मिळतो, इंग्रजीत आहे पण समजतो. स्पेलिंगमध्ये मार खाऊ नका, जुन्या कागदात कुर्ला हे सी-डबल ओ-आर-एल-ए असं पण लिहिलेलं असतं, आणि शोधताना एकच स्पेलिंग टाकलंत तर अर्ध्या नोंदी सुटतात. आणि वाचताना हे लक्षात ठेवा की गॅझेटिअर साहेबाने साहेबासाठी लिहिलंय, त्यात गिरणीच्या चात्या किती ते चोख मिळेल, पण चात्यांवर उभी असलेली बाई कुठल्या गावची ते नाही मिळणार.

त्याच्याही मागे जायचं असेल तर साष्टीचे मालक बदलत गेले ते डोक्यात ठेवा म्हणजे कागद कुठे शोधायचे कळतं. १५३४ पासून पोर्तुगीज, १७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ ला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे पक्की झाली. म्हणजे मधली ३७ वर्षं इथे मराठ्यांचा अंमल होता, त्या काळातला शोध पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे जातो, आणि तो सगळा मोडीत. मोडी वाचता येत नसेल तर शिका, वर्ग भरतात, ३-४ महिन्यांत अक्षरं लागायला लागतात, मी अर्धवट शिकून सोडलंय त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही. मुंबईतले कागद बघायचे तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, आधी अर्ज, ओळखपत्र, आणि भरपूर धीर. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. १८६३ चं गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' तिथे जाऊन चाळा, मराठीत लिहिलेलं आणि त्या काळच्या माणसाच्या नजरेतून, कंटाळा अजिबात येत नाही.

हद्द म्हणजे काय हे कागदावर नाही कळत पण, त्यासाठी धारावीत जायला लागेल. काळा किल्ला नावाचा बसडेपो आहे, रोज हजारो लोक तिकडून जातात आणि त्यातल्या किती जणांनी किल्ला पाहिलाय देव जाणे. आहे तो, खरंच आहे, डेपोच्या मागच्या बाजूला, घरांच्या गर्दीत, काळ्या दगडाचा, एवढासा. ह्याचंच नाव रिवा किल्ला. वर दगडात कोरलंय की मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ ला बांधला. आता वरच्या पॅरातलं साल परत बघा. १७३७. तिकडे मराठे साष्टीत उतरले आणि इकडे इंग्रजांनी त्याच साली खाडीच्या काठी दगड रचला. मी पहिल्यांदा तो दगड वाचला तेव्हा मागे एक बाई कपडे वाळत घालत होती, म्हणाली काय बघताय, सरकारी आहे का काम? मी म्हटलं नाही हो, ह्याच्यावर लिहिलंय की पलीकडचे लोक इकडे येऊ नयेत म्हणून हे बांधलं. तिने विचारलं, पलीकडचे म्हणजे कोण? मी म्हटलं आम्ही, कुर्लेवाले. ती जाम हसली.

म्हणून टीप अशी की किल्ला, चौकी, जुना जकातनाका असं काही सापडलं तर त्याचा फोटो काढण्याआधी त्याला पाठ लावून उभं राहा आणि तो कुठे बघतोय ते बघा. तो ज्या दिशेला बघतो तिकडे त्या वेळची 'बाहेरची' माणसं राहायची. मिठी तेव्हा गटार नव्हती, बॉर्डर होती.

मग ती बॉर्डर फुटली कशी, तर आधी रस्त्याने. गव्हर्नर डंकनच्या काळात शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये बांध घातला, १७९८ ला काम सुरू आणि १८०५ ला पुरं. माहीम-वांद्र्याचा बांध १८४५ चा, त्याला अवाबाई जीजीभॉय यांनी दीड लाखाच्या वर पैसे दिले. मग १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ह्याच बाजूने गेली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची लोकल व्हीटीहून जी सुटली ती कुर्ल्यापर्यंतच होती, हे आम्ही कुर्लेवाले दर वर्षी स्टेटसला टाकतो कारण अभिमान बाळगायला आमच्याकडे तसं कमीच आहे.

रस्ता आणि रेल्वे आली की शहर आपल्याला नको असलेलं सगळं हद्दीबाहेर टाकायला लागतं, धूर, वास, मोठ्या गिरण्या. कुर्ल्यात धरमसी पुंजाभाईंची गिरणी त्या काळी इलाख्यातल्या सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी होती, ती बुडाली आणि १८८६ ला जमशेटजी टाटांनी घेऊन तिचं नाव ठेवलं स्वदेशी. चुनाभट्टीला आजही स्वदेशी मिल रोड आहे. पुढे १९४० च्या दशकात प्रीमियरचा मोटारींचा कारखाना आला, तुमच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या इथल्या, आज त्या जागी काचेच्या इमारती आहेत.

गिरणी-कारखान्याचा इतिहास काढायचा तर मालकांची पुस्तकं सोडा, सगळ्यात भारी साधन तुमच्या माळ्यावर पडलंय. गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिका! रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी. लोक अध्यक्षांचं मनोगत वाचतात आणि फेकून देतात, तुम्ही मनोगत सोडून जाहिराती वाचा. कुठल्या साली कुठल्या गल्लीत कोणाची खानावळ होती, सायकल भाड्याने कुठे मिळायची, कोणत्या डॉक्टरचा दवाखाना, फोन नंबर किती आकडी होता, सगळं त्यात आहे. माझ्याकडे एका मंडळाच्या पाच स्मरणिका आहेत, त्या ओळीने लावल्या तर दिसतं की आधी जाहिराती पिठाच्या गिरणीच्या आणि कोळशाच्या वखारीच्या, मग रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मग केबल, मग क्लासेस, आणि शेवटच्या अंकात अर्धी पानं बिल्डरांची. असं कुठल्या ग्रंथात मिळणार? तसंच जुन्या लग्नपत्रिका, त्यात पत्ता असतो आणि चाळीचं नाव असतं जी आता नाहीये. शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डं, लाईट बिलं. गावच्या मंडळांची, म्हणजे कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या एकेका गावाच्या मुंबईकर मंडळांची हिशोबाची वही मिळाली तर हात जोडून फोटो मागा, एका खोलीत किती जण राहायचे ते तिथे कळतं.

आता माणसांशी बोलणं, हे मी मुद्दाम मागे ठेवलं. बहुतेक जण पहिल्याच दिवशी मोबाईल घेऊन म्हाताऱ्या माणसासमोर बसतात आणि विचारतात, आजोबा, आपल्या कुर्ल्याचा इतिहास सांगा ना. आजोबा काय सांगणार, ते म्हणतात पूर्वी लय चांगलं होतं, माणसं चांगली होती, आता काही राहिलं नाही. झाली मुलाखत. असं विचारायचंच नाही. विचारायचं की पाणी कुठपर्यंत आलं होतं. नदीकाठच्या माणसाला पाण्याचं विचारलं की तो उठून उभा राहतो आणि भिंतीवर हात ठेवून दाखवतो. २६ जुलै २००५ तर सगळ्यांनाच आठवतो, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्यात १०० सुद्धा नाही, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या लोकांना संध्याकाळपर्यंत कळलं पण नाही की इकडे आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात आहोत. त्या दिवसानंतर लोकांनी मिठीला परत नदी म्हणायला सुरुवात केली, तोपर्यंत आमच्या शाळेत पण सगळे नालाच म्हणायचे.

२६ जुलैपासून सुरुवात करा आणि मग हळूच मागे सरका. त्याच्या आधी एवढं पाणी कधी आलेलं? तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? गिरणी चालू होती का? सालं लोकांना आठवत नाहीत, आणि जो फार छातीठोक साल सांगतो त्याच्यापासून तर सावधच राहा, पण गोष्टी एकमेकांना टांगलेल्या असतात. ७१ च्या लढाईतला ब्लॅकआऊट, आणीबाणी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, ९२-९३ च्या दंगली, ह्या खुंट्या आहेत, माणूस काय पण सांगत असला की ते संपाच्या आधी की नंतर एवढं विचारायचं. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या, पंखा बंद करायला सांगा (उन्हाळ्यात शिव्या खाल), आणि एकाच माणसाकडे दोनदा जा. पहिल्या खेपेला तो तुम्हाला जे ऐकायचंय ते सांगतो, दुसऱ्या खेपेला मागच्या वेळी सांगायचं राहिलं ते सांगतो.

मग ही तोंडी माहिती नकाशाला लावून बघायची. गुगल अर्थ मध्ये जुन्या सालांची चित्रं बघायची सोय आहे, २००० च्या पुढची बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात, ती सरकवत सरकवत आपला काठ बघा, नदी रुंद कधी केली, खारफुटी कुठे होती आणि कुठे गायब झाली, झोपड्या कुठल्या कोपऱ्यातून हलल्या. त्याच्या आधीचं मोठं चित्र असं की १८६० ला विहार धरण पुरं झालं आणि मिठीचं वरचं पाणी शहराच्या नळाला गेलं, १८९० च्या आसपास पवई तलाव झाला, म्हणजे नदीचं तोंडच बांधलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा विमानतळ वाढला. आणि १९७७ पासून एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, बांद्रा-कुर्ल्याच्या मधली दलदल आली, तिच्यात भर घालून बीकेसी उभं राहिलं. पावसाचं पाणी पसरायला जी जागा होती तिथे आज बँका आहेत. त्यामुळे तुमच्या एरियात कोणी म्हणालं की पूर्वी एवढं पाणी भरायचं नाही, तर त्याला म्हातारचळ समजू नका, कधीपासून भरायला लागलं ते विचारा आणि त्या सालाच्या आसपास नदीच्या खालच्या अंगाला कुठे भर पडली ते शोधा. बऱ्याच वेळा जुळतं.

कुठलीही गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणाहून मिळाल्याशिवाय पक्की धरायची नाही, आणि दोन व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत, तो एकच मेसेज असतो. लिहिताना कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठे बसून सांगितलं हे त्याच पानावर लिहा, नंतर आठवेल म्हणाल तर नाही आठवत. आणि लिहून झालं की प्रिंट काढून ज्यांनी सांगितलं त्यांना नेऊन द्या. हे शेवटचं काम सगळे टाळतात, मी पण टाळायचो.

गावठाणातल्या एका आजीने मला २६ जुलैचं पाणी दाखवलं होतं, ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, मी वहीत व्यवस्थित लिहिलं, पायरीचा फोटो काढला, सेंटिमीटरमध्ये मापलं सुद्धा. चार वर्षांनी प्रिंट घेऊन गेलो. आजीने चष्मा लावून सगळं वाचलं, दोन ठिकाणी नातेवाइकांची नावं चुकलेली ती सुधारली, आणि मग म्हणाली, तिसरी पायरी नाय रे, ही बघ. मी बघतोय तर ओट्याला एकूण दोनच पायऱ्या. मला वाटलं आजीची गल्लत होतेय. ती म्हणाली, रस्ता तीनदा उंच केला ना बाबा, पायऱ्या खाली गेल्या. म्हणजे माझं सेंटिमीटरचं माप रस्त्यापासून, आणि रस्ताच दर दोन-तीन वर्षांनी वर चाललाय. आता मी माप दरवाजाच्या चौकटीच्या वरून खाली घेतो. चौकट सहसा कोणी उचलत नाही. तुम्ही पण तसंच घ्या, आणि मापायला लोखंडी टेप न्या, कापडी टेप ओल्या भिंतीला चिकटतो.